दाखल केलं त्याच दिवशी सुट्टीची तयारी

विमल सिस्टर गेल्याचा निरोप साकोलीहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं दिला. रडू नंतर आलं, आधी राग आला. ज्या बाईनं तालुक्याच्या दवाखान्यातून इतक्या म्हाताऱ्यांना त्यांच्या पायांवर घरी धाडलं, ती स्वतः दवाखान्यातून परत येऊ नये... हे मला मान्य नाही. महिना होत आला, अजूनही नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पावसाआधी बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, धुरा (बांध) नीट करताना माझे सासरे पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. पायाला वजन बांधून त्यांना वॉर्डात नुकतंच निजवलं होतं, तोच या नर्सबाई समोर येऊन उभ्या. "बाई, तुमची रोवणी कवा लागते? सुट्टी झाल्यावर बुढ्यापाशी घरी कोण राहीन?"

माझं डोकंच फिरलं. "आताच तं आणलं त्याइले! हाकलून काहून देऊन राहिल्या?"

"हाकलत नाही वं. आज ठरवलं नाही, तं सुट्टी होईन तवा तुम्ही सारे बांधीत, अन् बुढा घरात एकटा. मंग जो पडते तो उठत नाही. मी पाहून बसली आहो."

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की आमच्याकडे घरात कुत्रंसुद्धा थांबत नाही. तेव्हा त्या वर्षी मी घरी राहायचं ठरलं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला धरलं. उंबरठा केवढा, न्हाणी कुठं, रात्री उठले तर धरणार कशाला... शेवटी हुकूम सुटला, ओसरीपासून न्हाणीपर्यंत भिंतीला बांबू ठोका.

नवरा आज्ञाधारक. हिरवे बांबू तोडून, खांद्यावर टाकून भर गावातून घेऊन आला. म्हातारा दवाखान्यात आणि मुलगा हिरवा बांबू आणतोय म्हटल्यावर गावानं काय समजायचं? अंगणात बांबू टेकायच्या आत बाया रडायला लागल्या. कुणीतरी परस्पर बपेऱ्याला, मामाजींच्या बहिणीच्या गावी, निरोप धाडला आणि ती कोरं कापड घेऊन, छाती पिटत थेट वॉर्डात पोचली. मामाजी वरणभात खात होते. म्हणाले, "मी मरीन तवा तुले कळवीन ना बाई, इतकी घाई कायची?"

आम्ही हसलो, पण गाव हसलं नाही. जित्या माणसासाठी बांबू आणला, हा अपशकुन, आधी फेकून द्या, असा धोशा सुरू झाला. नवराही कचरला. मी सिस्टरांकडे गेले, तर त्या कडाडल्या, "बांबू तिरडीले लागते, तसा लग्नाच्या मांडवालेही लागते. मी बुढ्याले उभं राहाले मांगितला आहे. ठोका!"

ठोकला. ऐन रोवणीत मामाजी बैलगाडीनं घरी आले. मला शिव्या देत, बांबू धरत, पाऊल पाऊल टाकू लागले. कापणीला ते खळ्यावर मजुरांवर खेकसत होते, आणि त्यांचं ते खेकसणं ऐकून मला भरून आलं.

तेव्हापासून साकोलीला गेले की सिस्टरांच्या खोलीवर चहा ठरलेला. पुढं त्या निवृत्त झाल्या, एकट्याच राहिल्या. यंदा त्यांनाच दाखल करावं लागलं, तर पहिल्याच दिवशी मला किल्ली दिली. "खोली लावून ठेव." मी खाटेचे पाय कापून ती बुटकी करून घेतली, न्हाणीत स्टूल ठेवलं, माठ हाताशी आणला. सिस्टर आल्याच नाहीत.

"झाली ना सारी तयारी वाया?" शेजारीण म्हणाली. मी म्हटलं, तयारी काय मरणाला विचारून करायची?

परवा आमच्या गल्लीतल्या कौतिकाबाई पडल्या, त्यांना दवाखान्यात नेलं. मी साकोलीहून सिस्टरांची ती बुटकी खाट बैलगाडीत घातली आणि कौतिकाबाईंच्या ओसरीवर उतरवली. त्यांची सून घाबरली. "काकू, मेल्या माणसाची खाट... लोक काय म्हनतीन?"

"म्हणू दे. तुझी सासू उठताना कोण्या कुशीवर वळते, तेवढं सांग."

तिनं जरा आठवून पाहिलं. "उजव्या," म्हणाली. मग आम्ही दोघींनी खाट उचलून डावी बाजू भिंतीला लावली.