सहीच्या जागी सारस

गोरेगाव या आमच्या तालुक्याच्या गावातल्या माझ्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात तो बाजाराच्या दिवशी यायचा आणि रंगाचे हात पँटला पुसूनच खुर्चीवर बसायचा. त्याची चित्रं ऑनलाइन विकणारी कंपनी पैसे पाठवताना कर कापायची आणि आयकर खात्याला तसं कळवायची. कापलेलं परत हवं तर रिटर्न भरणं आलं.

व्यवसाय विचारला की तो चिडायचा. "धंदा कायचा जी? मी त चित्रं काढून राहिलो."

रिटर्नची पावती सही करून पोस्टानं पाठवायची होती. चित्रांखाली सही म्हणून काढायचा तसाच त्यानं तिथेही एका रेघेत सारस काढला.

"असं चालत नाही, नाव लिहा," म्हणत मी वैतागून दुसरी प्रत दिली.

त्यानं अडखळत नाव लिहिलं, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाला, "हे त कोणीबी काढू शकते जी."