विसाव्या दिवशीची त्रुटी

सेवा हमीचा कायदा आला तेव्हा आमच्या सरकारी ऑफिसात पेढे वाटले गेले. कुठला दाखला किती दिवसांत मिळणार आणि नाही दिला तर दंड कुणाला, हे आता भिंतीवर लिहून टांगायचं होतं. लोकशाही खिडकीपर्यंत आली, असं भाषण साहेबांनी ठोकलं. आम्ही कारकून मंडळी टाळ्या वाजवत होतो आणि मनात पळवाट शोधत होतो.

ती मलाच सापडली. मुदत मोजायची परिपूर्ण अर्जापासून. मग एकवीस दिवसांचा दाखला असेल तर विसाव्या दिवशी संध्याकाळी त्रुटी काढायची : 'जोडलेली प्रत सुस्पष्ट नाही.' अर्ज परत, माणूस परत, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दंडाचं नाव नको! वर आमच्या शाखेला वेळेत काम केल्याचं प्रशस्तिपत्रक. नव्या पोरांना ही युक्ती मी स्वतः चहा पाजून शिकवली. काय तो माझा रुबाब!

मी रिटायर झालो. यंदा नातीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी नॉन-क्रीमिलेअर दाखला हवा होता. तिने वेळेत अर्ज केला. मी ऐटीत म्हणालो, "काळजी कशाला? आता कायदा आहे." विसाव्या दिवशी संध्याकाळी तिच्या मोबाईलवर मेसेज आला. प्रत सुस्पष्ट नाही म्हणे. गुरूची विद्या गुरूला फळली! पोरगी रडायला लागली. प्रवेशाची कागदपत्रं द्यायला दोनच दिवस उरले होते.

सकाळी पंचवटीतून रिक्षा करून आम्ही दोघं ऑफिसात गेलो. खिडकीत माझ्याच हाताखाली तयार झालेला कारकून. पठ्ठ्या उठून वाकला. "सर, तुमची नात होय? अहो, आधी सांगायचं ना! दुपारी घेऊन जा. काय करणार, पद्धत तुम्हीच घालून दिलेली."

आमच्या मागे नातीच्याच वयाची एक मुलगी उभी होती. तिचीही प्रत सुस्पष्ट नव्हती, तिलाही त्याच तारखेच्या आत दाखला हवा होता. तिला त्याने शांतपणे सांगितलं, "नवीन प्रत जोडा, एकवीस दिवसांनी या."

नात माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, हिच्या घरातलं कुणी इथं नोकरीला नव्हतं. मग हिनं काय करायचं?"

लाज वाटली, फार वाटली. पण दुपारी दाखला हातात पडताच मी तो आधी खिशात घातला.