लय नवं मशीन

जिंतूरला तहसीलसमोर टायपिंगचं दुकान चालवणारे ते गृहस्थ अजून जुन्याच मराठी फॉन्टात टाइप करतात. त्यांची फाइल दुसरीकडे उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि कंसांची गिचमिड दिसते. कुणी तक्रार घेऊन आलं, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "फाइल बराबर हाय. तुमचं मशीनच लय नवं हाय." अशा माणसासाठी जगानं किती दिवस खोळंबायचं, असं मला नेहमी वाटे.

परवा माझ्या नव्या लॅपटॉपवर माझीच एक जुनी फाइल तशी गिचमिड झाली. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत नुसतं 'Arj'. कसला, ते आठवेना. निमूट त्यांच्याकडे गेलो. त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर एक चहा होतो. तेवढ्यात त्यांनी माझ्याच लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि ती गिचमिड पोथीसारखी घडाघडा वाचायला सुरुवात केली:

"मा. तहसीलदार साहेब, आपल्या कार्यालयासमोरील टायपिंगवाला कालबाह्य फॉन्ट वापरून जनतेची गैरसोय करीत आहे. त्याला तेथून हटवावे."

खाली माझं नाव होतं. तेही त्याच सुरात वाचलं.

हा अर्ज मी मेलनं पाठवला होता, तोही जुन्याच फॉन्टात. साहेबांचं उत्तर का आलं नाही, ते आत्ता कळलं.

चहा संपला. त्यांचा कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला.

"प्रिंट काढायलो, सर," ते म्हणाले. "दोन काढतो. एक तुमाला पोच घ्यायला लागंल."