तोंड धुण्याचं ॲसिड

माझा हात आधी चालतो, तोंड नंतर. माहेरी, पेणजवळच्या जोह्यात, माझी ही ख्याती होती आणि लग्न होऊन रोह्यात आले तरी ती काही गेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी माझ्या नवऱ्याला लाकडी फळीने मारलं आहे, पाठ काळीनिळी होईपर्यंत, आणि ते का मारलं हे नीट कळायला हवं.

जोह्यातला आमचा गणपतीचा कारखाना वडलांच्या मागे माझी धाकटी बहीण चालवते. अंगाला रंग कोणीही मारील, पण डोळ्यांची आखणी तीच करते. डोळे काढल्याशिवाय मूर्ती व्यापाऱ्याच्या गाडीत चढत नाही, म्हणजे अख्खा कारखाना तिच्या नजरेवर. आखणी करताना ती मूर्तीच्या तोंडाशी तोंड नेऊन बसते. बाजूला कोणीतरी स्प्रे मारत असतो, सोनेरी रंग उडत असतो, तो सगळा हिच्या गालांवर, पापण्यांवर. संध्याकाळी काम सुटलं की आमच्याकडे तोंड धुवायची एकच रीत. थिनरमध्ये चिंधी भिजवायची, खसाखसा पुसायचं, वर कपड्यांचा साबण. आजोबा रॉकेलने पुसायचे, आम्ही थिनरने, एवढीच काय ती सुधारणा. बहिणीचे गाल सोलून निघाले होते. हसली तरी कातडी ताणायची.

माझं रोह्यात कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पावडरी, आणि आता पोरींना फेसवॉश लागतो म्हणून तोही. एका रविवारी मी तीन ट्यूब घेऊन जोह्याला गेले. सोबत नवरा. तो धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आहे, ड्रम भरायच्या खात्यात. आम्ही तिघं पायरीवर बसलो आणि ट्यूबांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. मी बहिणीला सांगितलं, जे जास्त असतं ते आधी लिहितात, जे नावाला असतं ते शेवटी. तिने हिरवी ट्यूब उचलली. पुढे कडुनिंबाच्या पानांचा हा मोठा झुपका, आणि मागे कडुनिंब सुगंधाच्याही नंतर.

"म्हंजे कडुनिंब नुसता तोंड दाखवून गेलाय," ती म्हणाली.

दुसरीत फेस करणारं सल्फेट पाण्याच्या खालोखाल होतं. कपड्याच्या पावडरीत असतं त्याच्याच जातीतलं. ती तिला नकोच होती, साबणाने आधीच वाट लागलेली. तिसरी तिला आवडली. फेस कमी, आणि मेलेली कातडी काढणारं ग्लायकोलिक ॲसिड. नवऱ्याने ती हातात घेतली आणि हसला.

"हे तर आमच्याकडं ड्रमानं हाय. हे लोक थेंबभर टाकतात आणि पाणी विकतात. मी आणतो तुला असल माल."

धाटावला कामाला असलेल्या माणसाच्या घरात कंपनीची एखादी बाटली असतेच. लादी धुवायला, गंज काढायला, तांब्याचे हंडे लख्ख करायला. कंपनीतलं म्हणजे कडक, आणि कडक म्हणजे चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हटलं, नको ते तोंडाला. तो म्हणाला, ट्यूबवर नाव लिहिलंय ना, मग? ट्यूबवर नाव होतं, पण किती टक्के ते नव्हतं. ड्रमवर ते लिहिलेलं असतं, सत्तर टक्के, आणि तो आकडा हा माणूस रोज वाचत होता.

पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा गेलो. मी मागच्या बाजूला मूर्तीवर पॉलिश पेपर मारत होते. नवऱ्याने कोल्ड्रिंकच्या बाटलीतून ते ॲसिड आणलं होतं, मला न सांगता. बहिणीच्या हातात देऊन म्हणाला, दोन थेंब, पसाभर पाण्यात. आणि बाहेर गाडी पुसायला गेला. आता थिनर वापरणाऱ्या बाईला दोन थेंब म्हणजे काय कळणार? पाणी घातलं की रंग निघत नाही, हे तिच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. तिने चिंधीवर ओतलं, थिनर ओततात तसंच, आणि गाल पुसला, कपाळ पुसलं, पापणीत सोनेरी अडकलं होतं म्हणून पापणीही दाबून पुसली.

"ताय, चुणचुणतंय गो," एवढं म्हणाली.

मग किंचाळली. ती किंचाळी आजही दुकानात शटर ओढताना माझ्या कानात येते. मी वळले तर ती मूठ डोळ्यात खुपसून गोल फिरत होती. मधल्या फळीवरची मूर्ती तिच्या धक्क्याने खाली आली आणि सोंडेपासून फुटली. नवरा धावत आला. त्याने तिचा अंबाडा धरला, फरफटत मोरीवर नेलं, दगडावर आडवी पाडली, छातीवर गुडघा रोवला आणि पाण्याच्या मोटारीचा पाइप सरळ तिच्या डोळ्यावर धरला. अंगठ्याने पापणी उलटी करून. ती लाथा मारत होती, गुदमरत होती. तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला तो मांसापर्यंत गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माझ्या बहिणीला मारतोय, एवढंच मला दिसलं. भाजलं की तूप लावतात, हा पाणी मारून आणखी आत घालवतोय. बाजूला मूर्ती ठेवायची फळी होती. ती उचलली आणि घातली त्याच्या पाठीत.

"सोड तिला. मला तूप लावू दे."

तो सोडेना. मी पुन्हा घातली. फळी चिरली, तिची धार त्याच्या सदऱ्यातून आत गेली आणि मोरीतलं पाणी लाल व्हायला लागलं. त्याने हात वर केला नाही, मागे पाहिलंसुद्धा नाही.

"मार," म्हणाला, "पण पाणी बंद करू नको."

शेवटी दमले मीच. रिक्षातून पेणला जातानाही तो तिच्या डोळ्यावर बाटलीने पाणी ओतत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, लगेच पाणी कोणी मारलं? त्या पाण्यामुळेच काही आशा आहे, म्हणाले.

"कंपनीत शिकवतात," नवरा हळूच म्हणाला.

एरवी मी त्याला अहो-जाहो करते. तिथे डॉक्टरांच्या टेबलासमोर मी त्याची कॉलर धरली. "हातमोजे घालायलाही शिकवतात ना? चष्मा देतात ना तुला? ज्याला तू मोज्याशिवाय बोट लावत नाहीस ते माझ्या बहिणीच्या तोंडाला दिलंस?"   मारलं त्याचा मला पस्तावा नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन.

उजव्या डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत मी जोह्यातच राहिले. कारखान्यात फळ्यांवर ओळीने मूर्ती, सगळ्या बिनडोळ्यांच्या. व्यापाऱ्यांचे फोन. बहीण दुसऱ्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत बसायची. उजवा डोळा गेला तर आखणी गेली, हे आम्हा दोघींना कळत होतं, म्हणून ते कोणीच तोंडाने म्हणत नव्हतं. 

पट्टी निघाली. डोळा शाबूत होता. गालावर आणि कपाळावर तांबूस डाग, ते राहणार. घरी आल्या आल्या ती ब्रश घेऊन बसली. नवरा दारात उभा होता, पाठ वाकवता येत नव्हती तरी आलेला.

"भावजी, मूर्ती धरा," ती म्हणाली.

त्याने धरली. त्याच्या मनगटावरची तिच्या दातांची खूण तिच्या नाकासमोर होती. तिने एक डोळा काढला, मग दुसरा, एकसारखे, पूर्वीसारखे. मला वाटलं, मिटलं आता.

काम संपल्यावर सवयीने तिचा हात थिनरच्या चिंधीकडे गेला. त्याने तिला अडवायला हात पुढे केला. ती एवढी दचकली की पाटावरून मागे कोसळली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तशीच पडून राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

तो नळावर गेला, साध्या पाण्याची बादली भरून तिच्यापाशी ठेवली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आता दर सीझनला तो सुट्टीत मूर्ती धरायला येतो. बादलीही तोच भरतो. आणि ती तोंड धुवून होईपर्यंत बाहेरच थांबतो.