उद्घाटनासाठी भरून ठेवलेली लाइन

"मॅडम, निष्कर्ष आम्ही लिहून ठेवलाय. तुम्ही फक्त वरचं थोडं टेक्निकल भरा आणि सही करा," बोरकर साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मी अजून डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं. उरणजवळच्या एका खाद्यतेलाच्या टर्मिनलवर मला बोलावलं होतं. बोरकर साहेब तिथले प्लांट हेड. जहाजातून आलेलं तेल टाक्यांत साठवायचं आणि तिथून टँकरमध्ये भरून पाठवायचं, असा तिथला कारभार. जेटीपासून टाक्यांपर्यंत स्टेनलेस स्टीलची नवीकोरी पाइपलाइन टाकली होती. तेल सोडायच्या आधी एकदा हवेचा दाब देऊन बाहेरून साबणाचं पाणी लावलं, तर जॉइंटच्या आजूबाजूला जागोजागी बुडबुडे यायला लागले. थेंबभर तेल न पाहता लाइनला भोकं पडली होती.

धातूची वस्तू का मोडली, का गळली हे शोधणं हा माझा धंदा. त्याला फेल्युअर अ‍ॅनालिसिस म्हणतात. सोप्या भाषेत पोस्टमॉर्टेम. फरक एवढाच, की इथे मृत्यूचं कारण नातेवाइकांना आधीच ठाऊक असतं आणि डॉक्टरला फक्त सहीसाठी बोलावलेलं असतं.

त्यांचा निष्कर्ष एका ओळीचा होता: वेल्डर नंबर सातचं निकृष्ट काम. प्रत्येक वेल्डरला नंबर असतो आणि तो जॉइंटशेजारी पाइपवर लिहिलेला असतो. गळणाऱ्या बहुतेक जॉइंटशेजारी सात होता.

"सातनेच जास्त जॉइंट केले असतील," मी म्हटलं.

"ते आहेच. पण बघा ना, सगळी भोकं पाइपच्या खालच्या बाजूला. खालची बाजू वेल्डरला उताणं पडून करावी लागते. हात तिथेच चुकतो," साहेब म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता, आणि त्याचाच मला राग आला. अर्धवट माहितीचा माणूस अगदीच अडाणी नसतो, म्हणून तो जास्त त्रास देतो.

सात नंबर म्हणजे नाझीरभाई. रेवदंड्याकडचे, पन्नाशीला टेकलेले. ते वर्कशॉपबाहेर स्टुलावर बसले होते. काम काढून घेतलं होतं, पण गेटपास अजून काढून घ्यायचा होता.

"मॅडम, मला सौदीची ऑफर आलीय," ते म्हणाले. "त्यांना इथलं एक्सपिरियन्स लेटर पाहिजे. साहेब बोलतात, लेटर देतो, पण तुझं काम खराब म्हणून लिवून देतो. मग तिकडं कोण घेईल? इतकी वर्षं होल्डर धरतोय, अल्लाची कसम, एक जॉइंट कच्चा नाय सोडला."

कसम खाणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. धातूवर ठेवते. पण एवढं कळलं, की नाझीरभाईंनी राजीनामा दिला त्याच आठवड्यात त्यांचं काम निकृष्ट ठरलं होतं. जाणाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं. तो उद्या मीटिंगला नसतो.

मी तीन तुकडे कापून मागितले. दोन नाझीरभाईंचे आणि एक नंबर तीनचा. हा तीन नंबरवाला फक्त वर्कशॉपमध्ये बसून काम करायचा. तिथे पाइप रोलरवर फिरवतात आणि वेल्डर जागचा हलत नाही. म्हणजे त्याच्या जॉइंटला वर-खाली असं काही नसतंच, सगळी बाजू सारखीच सोपी. लाइनमध्ये बसवल्यावर मात्र त्याचाही जॉइंट नेमका खालच्याच बाजूला फुटला होता. उताणं पडण्याचा सिद्धांत तिथेच उताणा पडला.

मग तुकडे उभे चिरले. आत पाहिलं तर विहिरीच्या कठड्याला दिसते तशी पाण्याची रेघ. रेघेच्या वर पोलाद चकचकीत, खाली तांबूस ठिपकेच ठिपके. ठिपका खरवडला की खाली खड्डा. किडलेल्या दाढेसारखा, तोंड टाचणीएवढं आणि आत पोकळी. काही खड्डे जॉइंटपासून वीतभर लांब होते, जिथे कुठल्याही वेल्डरचा हात गेला नव्हता. जॉइंटजवळ ते जास्त होते, कारण वेल्डिंगच्या आचेने तिथलं पोलाद थोडं हळवं झालेलं असतं.

स्टेनलेसला दोन गोष्टी सोसत नाहीत, मीठ आणि साचलेलं पाणी. दोन्ही एकदम मिळाली की ते आतून खाल्लं जातं.

"लाइनमध्ये पाणी कधी होतं?" मी विचारलं.

"हायड्रोटेस्टला. सगळेच करतात."

ते खरं होतं. नवी लाइन पाण्याने भरून जास्त दाबाखाली ठेवतात, गळते का बघतात. मात्र पाणी गोडं लागतं आणि टेस्ट झाल्याबरोबर लाइन रिकामी करून सुकवावी लागते. मी पाण्याचा रिपोर्ट मागितला. फाइलमधून तो ताबडतोब निघाला. सुंदर रिपोर्ट होता, शिक्क्यासकट. फक्त तो कँटीनमधल्या बाटलीबंद पाण्याचा होता.

गेटवर म्हात्रेकाका सिक्युरिटीला होते, शेजारच्याच गावचे. टेस्टच्या पाण्याचा टँकर कुठून आला म्हणून त्यांना विचारलं.

"मिठागराच्या बाजूला बाव हाय, तितलं पानी," ते म्हणाले. बाव म्हणजे विहीर. "त्या पान्याचा च्या नाय व्हत, बाय. दूध फाटतंय."

जे गेटवरच्या माणसाला चहाच्या पातेल्यात कळलं होतं, ते प्लांटमध्ये कोणी विचारलं नव्हतं. बागेला अजून तोच टँकर येत होता. मी बाटली भरून घेतली आणि तपासली. मीठ मर्यादेच्या कितीतरी वर होतं.

राहिला प्रश्न ते पाणी किती दिवस आत होतं याचा. ते मला गेटच्या रजिस्टरवरून कळलं. टेस्टचा टँकर गणपतीच्या आधी आत आला होता. पाणी बाहेर नेणारा टँकर दिवाळी उलटल्यावर.

"एवढे दिवस लाइन भरलेली का ठेवली?" मी साहेबांना विचारलं.

ते खुर्चीतून उठले. मग दार लोटून म्हणाले, "उद्घाटन होतं ना. मोठे पाहुणे येणार होते. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला की लगेच धार दिसायला हवी. तेलाचं जहाज काय मुहूर्तावर येतं? म्हणून टेस्टचंच पाणी ठेवलं. मग पाहुण्यांची तारीख बदलली. तीनदा."

"आणि उद्घाटनानंतर?"

"धार पडली, टाळ्या झाल्या, जेवणं झाली. उरलेलं पाणी पाइपच्या तळाशी तसंच राहिलं. कोणाच्या लक्षात नाही आलं."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तेही चोराला हारतुरे घालून.

मी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी दोनदा वाचला.

"हा 'उद्घाटन' शब्द काढता येईल का? 'ऑपरेशनल रिझन्स' लिहा."

"ऑपरेशन सुरूच झालं नव्हतं, साहेब."

"मग 'समुद्राची दमट हवा' म्हणा. कोकणात चालून जातं."

"हवा पाइपच्या बाहेर होती. पाइप आतून सडलाय."

शब्द मी काढला नाही. रिपोर्ट परस्पर हेड ऑफिसलाही पाठवला, कारण साहेबांच्या टेबलावरून कागद पुढे सरकायला पुन्हा मुहूर्त लागला असता. वर काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण नाझीरभाईंचं लेटर आलं, स्वच्छ. आणि त्याच्या मागोमाग साहेबांचा फोनही त्यांना गेला. सडलेले तुकडे बदलायचे होते आणि तेवढ्या हातोटीचा दुसरा वेल्डर मिळत नव्हता.

नाझीरभाई आले. मी तपासणीला हजर होते. काम संपवून त्यांनी साहेबांपुढे एक कागद ठेवला. टेस्टचं पाणी गोडं असेल आणि टेस्ट झाली की त्याच दिवशी लाइन रिकामी करून सुकवली जाईल, एवढंच लिहिलं होतं. खाली सहीची जागा.

"माझ्यावर विश्वास नाही का, नाझीर?" साहेब दुखावून म्हणाले.

"हाय ना, साहेब. तुमचा पन माझ्यावर हाय. तरी माझ्या जॉइंटचा एक्स-रे काढताच ना?"

साहेबांनी सही केली. दुसऱ्या दिवशी टेस्ट झाली आणि संध्याकाळपर्यंत लाइन कोरडी झाली. महिन्याभरात तेल आलं, या वेळी कोणी व्हॉल्व्ह फिरवायला आलं नाही. नाझीरभाई तोवर सौदीला पोचले होते.

वेल्डरला जॉइंटला हात लावायच्या आधी टेस्ट द्यावी लागते आणि नंतर प्रत्येक जॉइंट पास करून घ्यावा लागतो. पाणी भरून ठेवा म्हणणाऱ्याला कुठलीच टेस्ट नसते. म्हणून लाइन गळाली की मी आधी पाणी कोणी भरलं ते विचारते. वेल्डरला शोधायची घाई नसते, त्याचा नंबर पाइपवर लिहिलेलाच असतो.