कापलेला कान

ताबुताणीच्या नवऱ्याला रानरेड्यानं मारलं ते ऐन मधाच्या दिवसांत. किमेतो सीडरच्या उंच झाडावरून मध काढून उतरला आणि खाली झुडपात दबा धरून बसलेला रेडा त्याच्यावर धावून आला. त्यानं किमेतोचं पोट फाडलं, बरगड्या तुडवल्या. मरता मरता किमेतोनं कोयता चालवला आणि रेड्याचा डावा कान तिरका छाटला.

रेड्याला मारून सूड घ्यायचा म्हटलं, तर त्या कानापाशीच सगळं अडलं. माऊ नावाच्या आमच्या डोंगरात आम्ही झाडांवर पोकळ ओंडके टांगतो, माश्या त्यांत मध करतात. ओंडक्यावर ज्याची खूण त्याचा मध, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. किमेतोची खूण म्हणजे एक तिरका छेद.

"वहिनी, रेड्यावर दादाची खूण आहे," धाकटा दीर लाबोसो म्हणाला. "तुमच्या घरची वस्तू. आम्ही कसा हात लावायचा?"

"घाबरलात म्हणा की सरळ, भावोजी!"

"घाबरलोच. त्या झुडपात हातभर पुढचं दिसत नाही."

"मग झुडपंच ठेवत नाही."

"वेड लागलंय का? त्या फुलांवर माश्या जगतात. सीडरची रोपं त्याच सावलीत वाढतात."

"आणि माझा माणूस कुठल्या सावलीत मेला?"

भित्र्या माणसाला रीत बरोबर आठवते, पण झुडपांचं लाबोसो खरं बोलत होता. ताबुताणीच्या कानात मात्र नवऱ्याची किंकाळी घुमत होती.

पाला वाळून कडकडीत झाला तेव्हा तिनं सीडरच्या सालीचा पलिता पेटवला. किमेतो माश्यांना धूर द्यायचा तसलाच. तो तिनं झुडपात फेकला आणि नवऱ्याचा भाला घेऊन वाटेवर उभी राहिली.

"ये बाहेर, मुडद्या! ये!"

बाहेर आली ती एक हरणी, पाठीवर आग घेऊन. मग आग सीडरच्या लोंबत्या सालींना धरून वर चढली. किमेतोचे सगळे ओंडके फुटले, जळता मध खाली गळू लागला, होरपळलेल्या माश्या तिच्या केसांत पडल्या. तिचे तळहात भाजले, तरी तिनं भाला सोडला नाही. रेडा पलीकडच्या ओढ्यानं केव्हाच निसटला होता. तिची चीड यावी की कीव, मला आजही ठरवता येत नाही.

पावसानंतर राखेतून लुसलुशीत गवत वर आलं. झुडूप नाही, रोप नाही, नुसतं गवत. ताबुताणी भाला घेऊन तिथं गेली, तर रेडा भर उन्हात चरत होता, चांगला माजलेला. जवळ जायला आडोसा म्हणून एक काटकी उरली नव्हती. रेड्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

त्याचा डावा कान तिरका कापलेला होता. किमेतोची खूण असलेली तेवढी एकच वस्तू आता जंगलात उरली होती.