दुपारी जाणारं नेट

ऑफिसाऑफिसांतली बिनतारी नेटवर्कं दुरुस्त करायचा त्याचा धंदा, पण सगळे त्याला 'वायरमन' म्हणायचे आणि तोही निमूट ओ द्यायचा. लोकांची नेटवर्कं चुटकीसरशी जोडणाऱ्या या गड्याच्या घरात मात्र रोज दुपारी, जेवणं आटोपली की, लॅपटॉपवरचं नेट जायचं. बाहेर तोरा आणि घरात बोंब.

लॅपटॉपवर लिनक्स होतं. खोड कुठेही लपलेली असो, खणून काढता येईल, असा त्याला भरवसा. त्याने वाय-फायचं कार्ड तपासलं, ड्रायव्हर पुन्हा चढवला, नेटवर्कची सेवा बंद करून चालू केली. सगळं ठणठणीत. राउटरला हाक मारली की ओ यायची. बाहेरच्या जगाला मारली की काहीच नाही. मग आपण नक्की कोणाला जोडले गेलोय, ते विचारणारी कमांड त्याने दिली. पडद्यावर नाव आलं: 'धाकटेसाहेब'.

हे नाव त्याच्या धाकट्या भावाने आपल्या वाय-फायला थट्टेत ठेवलेलं. भाऊ एका दुपारी "आलोच" म्हणून बाहेर पडला, तो आजतागायत परतला नव्हता. फोन बंद, ठावठिकाणा नाही. त्याचा राउटर याने स्वतःच्या हाताने काढून माळ्यावर टाकला होता. आणि आता त्या नावापुढे सिग्नलच्या रेघा. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, तरी मागे वळून बघायचा धीर होईना.

लॅपटॉप हातात धरून तो घरभर फिरला. सिग्नल वाढत वाढत आईच्या खोलीत पुरा झाला. आई पलंगावर बसली होती. समोर स्टुलावर तोच राउटर, पुसून लख्ख केलेला, आणि ती त्याच्या दिव्याकडे एकटक बघत होती.

"आई, हे काय?"

"हळू बोल. त्यानंच सांगितलं होतं मला, घराजवळ आलो की माझा फोन आपोआप जोडला जातो आणि हा दिवा लुकलुकतो. दुपारी गेलाय ना, म्हणून मी दुपारी लावते. आणि येतो रे तो. दारापर्यंत येतो, आत यायला लाजत असेल."

तिचा चेहरा इतका खुललेला त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आणि दिवा लुकलुकत होता तो त्याच्याच लॅपटॉपमुळे. भावाने कधीतरी त्यावर आपलं नेटवर्क सगळ्यांत वर लावून ठेवलं होतं. ते दिसलं की लॅपटॉप चालू नेट सोडून तिकडे धावायचा, आणि त्या राउटरला बाहेरची जोडणीच उरली नव्हती. गप्प बसलो तर ही उरलेलं आयुष्य या दिव्यासमोर काढेल, या विचाराने त्याला गलबलून आलं. त्याने लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं. दिवा थांबला. चालू केलं, लुकलुकला. पुन्हा बंद केलं.

"मी होतो, आई."

आई आता रडेल, म्हणून तो तिच्याजवळ सरकला.

"मग तुझं ते बंदच ठेव, बाबा," ती म्हणाली. "खरा तो आला तर मला कळायला नको का?"